फरी-गदगा आणि हात आवरण्याचे शिक्षण

आपल्या न्यासाच्या सायंवर्गात फरी-गदगा शिकणाऱ्या मुलांचे पालक आम्हांस वारंवार एक प्रश्न विचारतात. इतर खेळांत शिरस्त्राणे, हातमोजे, छातीची कवचे आली असता या एकाच खेळात वीतभर ढाल देऊन मुलांस समोरासमोर का उभे करावयाचे? प्रश्न रास्त आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम साहित्य पाहू. गदगा म्हणजे कातड्याने मढविलेली अडीच-तीन फुटांची वेताची छडी. ती तलवारीच्या जागी. फरी म्हणजे कातड्याची लहान वाटोळी ढाल. ढाल-तलवारीचे हात जिवास धोका न होता शिकता यावेत म्हणून ही जोडी आली. वेत लवतो, त्यामुळे फटका झोंबतो पण लाकडी दांडक्यासारखा खोल बसत नाही. कातड्यामुळे त्याच्या ढलप्या निघत नाहीत. म्हणजे येथे संरक्षण मुळीच नाही असे नव्हे. ते मार खाणाऱ्याच्या अंगावर थोडे आणि मारणाऱ्याच्या हत्यारात अधिक आहे. नवे साहित्य घेताना पालकांनी शिवण उसवलेला किंवा टोकाशी फुटलेला गदगा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आमच्या वडोदऱ्यात ही विद्या सांगावयाची तर जुम्मादादांचे नाव प्रथम येते. ते मुसलमान उस्ताद. त्यांचे पट्टशिष्य राजरत्न प्रो. माणिकराव. शिष्याने व्यायाममंदिर नावारूपास आणले ते गुरूच्या नावाने. माणिकरावांचा लौकिक मोडलेली हाडे बसविण्यातही होता, ही गोष्ट आम्हांस मोठी सूचक वाटते. हाड कसे मोडते हे जाणणारा माणूस मुलांच्या हाती गदगा देत होता. याच शहरात द. चिं. मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९३६ साली निघाला. ज्यांच्या घरी जुने खंड पडून असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, एवढी विनंती जाता जाता करून ठेवतो.

आता मुख्य मुद्दा. अंगावर साधने कमी असली म्हणजे समोरच्याच्या अंगाची जबाबदारी मारणाऱ्यावर येते. शीर, तमाचा, बाहेरा हे हात मनगटातून काढावयाचे आणि लागताक्षणी आवरावयाचे. खांद्यातून आलेला हात मध्येच थांबत नाही. यासाठी आम्ही दोरीला वर्तमानपत्राचे एक पान टांगतो. पूर्ण वेगाने हात काढून पान केवळ हलले पाहिजे, फाटता कामा नये. ज्याचे पान फाटले त्याने त्या आठवड्यात जोडीदारासमोर उभे राहावयाचे नाही. काही मुलांची पाने दोन-दोन महिने फाटत राहतात, आणि बहुधा ती वर्गातील सर्वांत धट्टीकट्टी मुले असतात.

दुसरे असे की, लागलेला हात ज्याला लागला त्यानेच कबूल करावयाचा. पातळ सदऱ्यावर गदगा लागला की त्वचेस कळते. पंचाची वाट पाहावी लागत नाही. जाड कवचाखाली ‘लागला’, ‘नाही लागला’ हा वाद सुरू होतो, आणि मग मुले लागल्याचे पटविण्यासाठी जोराने मारू लागतात.

हा अनुभव केवळ आपला नव्हे. युरोपात तारेच्या जाळीचा मुखवटा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. त्यापूर्वी उघड्या चेहऱ्याने सराव होई. म्हणून घाव छातीपोटावरच धरावा, समोरच्याचा वार चालू असता आधी तो अडवावा, मग आपला करावा, असे संकेत पडले. त्यांतील पुष्कळ आजही पट्ट्याच्या त्या खेळाच्या नियमांत आहेत. जपानात पूर्वी लाकडी तलवारींनी ठरीव हात गिरवीत. बांबूच्या फोकांची तलवार आणि शिर-छातीची कवचे अठराव्या शतकाच्या आरंभी सुधारली, तेव्हा पूर्ण जोराने मारणे शक्य झाले. तेथे मोकळी लढत मिळाली हा लाभच होय. पण त्यासाठी अंग पुरते झाकावे लागले. अर्धे झाकणे हे सर्वांत वाईट.

याचा धडा आम्ही विशीत स्वतःच घेतला. एका प्रदर्शनापूर्वी आम्ही दोघा मित्रांनी हौसेने फटफटीची शिरस्त्राणे चढविली. दहा मिनिटांत आमचा हात मनगट सोडून खांद्यावर गेला. डोके सुरक्षित होते, बोटे उघडी होती. मित्राचे बोट आमच्या हातून मोडले. तो आज उत्तम तबला वाजवितो, परंतु ते बोट पुरते वळत नाही. भेटला की हसून तेच पुढे करतो.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, मग काहीच घालू नये. तसे नाही. दोन वर्षांपूर्वी वर्गातील एका मुलास गदग्याचे टोक भुवईवर लागले, दोन टाके पडले. मारणाऱ्याचे पान महिनाभर फाटले नव्हते. चूक त्याची नव्हती, दुसरा पुढे वाकला. आम्ही आईस परंपरेचे महत्त्व सांगू लागलो. तिने शांतपणे विचारले, “सर, या परंपरेत डोळे किती गेले, त्याची वही कोणी ठेवली आहे का?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. हातावरचा वळ चार दिवसांत जातो, डोळा परत येत नाही. या दोहोंस एकच न्याय लावणे ही आमची चूक होती.

तेव्हापासून न फुटणाऱ्या काचेचे, बाजूंनी बंद असलेले चष्मे सर्वांस सक्तीचे आहेत; उस्तादांनाही, म्हणजे आम्हांसही. टोकाने भोसकणे वर्ज्य, मानेवर हात वर्ज्य. बारा वर्षांखालील मुलांनी केवळ पवित्रे आणि ठरीव हात करावेत. पोलादी तलवार मोकळ्या लढतीस कधीही नाही. डोक्यास मार लागून मळमळ, गुंगी किंवा विसर जाणवला तर खेळ त्या दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे. शिरस्त्राण घातले होते म्हणून निश्चिंत राहू नये, कारण ते कवटी वाचविते, आतला हिसका पुरता थांबवीत नाही.

तो मुलगा आठवड्याने परत आला. सोबत धाकट्या बहिणीसही आणले होते. तिचा चष्मा सैल होता म्हणून आईने त्याला मागून परकराची नाडी बांधून दिली होती. तिचे पान अजून फाटते.