किल्ल्या आपल्याच कनवटीला

चि. राणी,



तुझा मेल आणि सोबतचं कोटेशन वाचलं. कारखान्याचं आयटी बाहेर द्यावं की नाही, एवढंच तू विचारलं आहेस. कोटेशनवाल्यांनी तर पहिल्याच पानावर वर्षाला किती पगार वाचेल ते मांडून टाकलंय. ते पान तूर्त बाजूला ठेव.

भोसरीतल्या तुमच्यासारख्या कारखान्यात आयटीचा हिशेब गेटवर होतो. पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. बिलावर आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइसचा नंबर, पडला नाही तर माल भरलेली गाडी हलवता येत नाही, आणि चाकणची गिऱ्हाइकं तासांच्या हिशेबाने माल मागवतात. सर्व्हर बसला तर गाडी किती वेळ उभी राहिलेली चालते, हे डिस्पॅचवाल्यांना विचार. शिफ्टनिहाय विचार, कारण रात्रीचं उत्तर वेगळं येईल. तो आकडा हातात आल्याशिवाय कोणतंच कोटेशन स्वस्त की महाग ते ठरत नाही.

बाहेर देण्यामागचं तुझं एक कारण मला पटतं. आज तुमचं सगळं आयटी एका मुलावर उभं आहे. एकखांबी तंबू. तो आजारी पडला की मेलही आजारी. शिवाय एकाच माणसाला टॅली, फायरवॉल, ईआरपी आणि सीसीटीव्ही हे सगळं सारखंच यावं, ही अपेक्षाच चुकीची. मेल, अँटिव्हायरस, विंडोजचे अपडेट, लॅपटॉपची दुरुस्ती, रात्री फायरवॉलवर नजर ठेवणं ही कामं बाहेर खुशाल दे. ती सगळीकडे सारखीच असतात आणि दहा जणांची फौज असलेला व्हेंडर ती चांगली करतो.

पण एकदा शॉपवर चक्कर मार. व्हीएमसी मशीनच्या बाजूला प्लॅस्टिकच्या तेलकट कव्हराखाली एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर अजून विंडोज एक्सपी चालतं, कारण मशीनला प्रोग्राम पाठवणारं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. मागे सिरियल केबल, तिला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचे अपडेट 2014 मध्येच थांबवले. बाहेरचा इंजिनिअर त्याला एकतर हातच लावणार नाही, नाहीतर बदला म्हणेल, आणि बदलायचं म्हणजे मशीन बनवणाऱ्याच्या दारात जाणं आलं. तो कॉम्प्युटर ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडून ठेवायचा, त्यातले प्रोग्राम दुसरीकडे उतरवून ठेवायचे आणि त्याची जबाबदारी घरच्या माणसाकडेच द्यायची. पुण्यातल्या हेल्पडेस्कवरून मशीनशॉप सांभाळणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. ईआरपीचंही तसंच. सॉफ्टवेअर व्हेंडरवाल्यांनी चालवावं, पण रिजेक्शनची नोंद कुठल्या टप्प्यावर करायची हे ते ठरवणार नाहीत.

आता धोक्याकडे. जुलै 2021 मध्ये स्वीडनमधल्या कूप या किराणा साखळीला आठशेच्या आसपास दुकानं बंद ठेवावी लागली, कारण गल्ले चालेनात. हल्ला कूपवर झालाच नव्हता. व्हेंडर लोक शेकडो गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर लांबून सांभाळायला कसेया कंपनीचं एक सॉफ्टवेअर वापरतात, त्यातून तो शिरला होता. कूपने ते घेतलेलंही नव्हतं, त्यांच्या व्हेंडरने घेतलं होतं. आपल्याकडे जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा एनपीसीआयने तिला वेगळं काढलं आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे 300 लहान बँकांचे व्यवहार तात्पुरते अडले. यावरून बाहेर देऊच नये असं मी म्हणत नाही. पण आपल्या दाराच्या किल्ल्या ज्याला द्यायच्या त्याच्या घराला कुलूप आहे का, हे विचारायला संकोच कसला? त्यांच्या माणसाचा लॉगिन दुपदरी आहे का, नोकरी सोडून गेलेल्याचा पासवर्ड किती दिवसांत बंद होतो, असं थेट विचार. उत्तराऐवजी ब्रोशर आलं तर काय ते समजून घे.

जबाबदारी मात्र कागदावर सही करून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची खबर, तो कळल्यापासून सहा तासांत, त्यांना द्यायची आणि लॉग 180 दिवस जपायचे. व्हेंडरला दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली, ही सबब चालत नाही. कामगारांचे आधार आणि बँक खाती तुमच्या पेरोलमध्ये आहेत. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने, काम कोणीही करो, उत्तर कारखान्यालाच द्यावं लागणार आहे.

करारातली मेख सांगतो. 'पंधरा मिनिटांत प्रतिसाद' असं लिहिलेलं असतं. प्रतिसाद म्हणजे तिकीट नंबर. तो पंधरा मिनिटांत येईलच, बिघाड दुसऱ्या दिवशी निघेल. दुरुस्तीची मुदत वेगळी लिहून घे, त्यात तिसरी शिफ्ट आणि महिनाअखेर स्पष्ट येऊ दे. डोमेन कंपनीच्याच नावावर आणि कंपनीच्याच मेलवर नोंदलेलं हवं. मुख्य ॲडमिन पासवर्ड बंद पाकिटात तुझ्या तिजोरीत हवा. सोडून जायचं झालं तर किती दिवसांत, काय काय, कुठल्या स्वरूपात परत मिळेल, हे आजच ठरव. जे. पी. मॉर्गनसारख्या बँकेने 2002 मध्ये आयबीएमशी सात वर्षांचा अवाढव्य करार केला आणि 2004 मध्ये, दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झाल्यावर, काम पुन्हा घरात आणलं. परिस्थिती पालटते. म्हणून पहिला करार एका वर्षाचाच कर.

आणि तो मुलगा. त्याला ही बातमी कोटेशनवाल्यांच्या माणसाकडून कळू देऊ नकोस, तू स्वतः सांग. माझं मत विचारशील तर त्याला काढूच नकोस. व्हेंडरच्या कामावर लक्ष ठेवायला, त्यांच्या बिलातली फुगवाफुगवी ओळखायला आपला एक जाणता माणूस लागतोच. पगार वाचवायच्या नादात नेमका तोच पहिला जातो, मग व्हेंडर म्हणेल ती पूर्व.

सही करायच्या आधी एक काम कर. एखाद्या रविवारी कारखाना बंद असताना त्या मुलाला आणि व्हेंडरच्या इंजिनिअरला एकत्र बसव. शुक्रवारचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवायला सांग आणि त्यातून एक डिलिव्हरी चलन छापून माग. घड्याळ लावून बस. निघालं तर किती तासांत, नाही तर कुठे अडलं, ते मला कळव. कराराचा मसुदाही पाठव, मी पेन्सिल घेऊन वाचतो. भाऊजींचे जुने मशीन प्रोग्राम कुठल्या कपाटात आहेत ते ताईला विचार, बहुधा तिलाच माहीत असेल.

तुझा,
मामा