सही तुझी नसेल तर

पोरी, नवऱ्याने तुझ्या नावावर परस्पर क्रेडिट कार्ड काढलंय असं कळलं, तर एक रुपयाही भरू नकोस. वसुलीवाला म्हणेल, "थोडे भरा, म्हणजे फोन थांबतील." सासरचे म्हणतील, "अब्रूचा प्रश्न आहे, भरून टाक." पण पैसे भरलेस की कर्ज तुला मान्य आहे असाच अर्थ निघतो. मग सही माझी नाही, हे कुणाला पटवणार?

लग्न झालं म्हणून नवऱ्याचं कर्ज आपोआप बायकोचं होत नाही. तू जामीन राहिली असशील, किंवा तुझ्याच कार्डावर त्याला ॲड-ऑन कार्ड दिलं असशील, तर गोष्ट वेगळी; ते बिल तुझ्यावर येतं. गोव्यात नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात, म्हणून तिथल्या मुलीने आधी तिथल्याच वकिलाला गाठावं.

बँकेला लेखी कळव आणि पोच घे. "घरातलं घरातच मिटवा" असं शाखेत ऐकवतील. उठून येऊ नकोस. अर्जाची आणि जोडलेल्या कागदांची प्रत माग. अर्जावर मोबाइल कुणाचा, ईमेल कुणाचा, कार्ड कोणत्या पत्त्यावर गेलं आणि कुणी सही करून घेतलं, ते बारकाईने बघ. पॅन तुझं, फोटो तुझा आणि मोबाइल नंबर त्याचा, असं बरेचदा तिथेच उघड होतं. अर्जावरची सही तुझ्या बचत खात्यातल्या सहीशी ताडून बघायला लाव. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने आपल्या निर्देशांत बजावलंय. पत्रात ते लिही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी लागत नाही.

आता अवघड भाग. बँक पोलीस तक्रारीची प्रत मागते आणि बायका इथेच थांबतात. मुलांच्या बापावर तक्रार कशी करायची? मला ते कळतं गं. पण तक्रार नसेल तर बँक ते कर्ज तुझंच धरून चालते. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नवरा स्टॅम्प पेपरवर "मी फेडीन" लिहून देईल. त्या कागदाने तो तुला बांधला जातो, बँकेला नाही. तरी कागद जपून ठेव, त्याचे कबुलीचे मेसेजही. कार्ड त्यानेच काढलं याचा तो पुरावा आहे.

ओटीपी तूच सांगितला असशील, किंवा माहीत असून त्या कार्डावर खरेदी केली असशील, तर वकिलापासून लपवू नकोस. तिथे तुझी बाजू लंगडी पडते आणि समोरचा नेमकं तेच काढतो.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. आले तर तारीख-वेळ टिपून ठेव.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांकडे चुकीच्या नोंदीची तक्रार टाक. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. प्रत्येक कंपनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देते. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागव, वर्षभर लक्ष राहतं. त्यात 'एन्क्वायरी'चा रकाना आधी वाच. कार्ड मिळायच्या आधी, नुसता अर्ज गेला तरी तिथे नोंद होते.