तारखेआधी वकिलाला भेट

उमरी

चि. बालाजी,

काल संध्याकाळी स्टेशनवर तुझ्या वर्गातला पोरगा भेटला. "मामा, बालाजीला नांदेडला नाकाबंदीत धरलं, पिऊन गाडी चालवत होता," असं त्यानं सांगितलं. तू घरी मात्र 'कागदं जवळ नव्हती म्हणून अडवलं' असं सांगितलंस, आणि आई त्यावर विश्वास ठेवून बसली आहे. मी तिला काही बोललो नाही. तूच सांग, लवकर सांग.

त्यानं आणखी एक सांगितलं, ते जास्त जिव्हारी लागलं. 'तारखेला जायचं, कबूल म्हणायचं, दंड भरायचा, विषय संपला,' असं तुला कुणी शिकवलंय म्हणे. तसं करू नकोस रे. आधी वकिलाला भेट. पिऊन गाडी चालवल्याचं कलम १८५ म्हणजे सिग्नल तोडल्याची पावती नाही. पहिल्या खेपेला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय कबूल म्हटलंस की दोषी ठरलास. तू पोलीस भरतीला पळतोस ना? चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर हेच विचारतात. ते लपवायचं तर नाहीच. माहिती खरी द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली अवतार सिंग खटल्यात स्पष्ट केलं आहे.

प्यायला असशील तर प्यायलो म्हण, वकिलाशी खोटं बोलू नकोस. पण १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल होतं, हे पोलिसांना सिद्ध करावं लागतं. यंत्रात फुंकल्यावर चिठ्ठी निघाली असेल, तिच्यावर किती आकडा आहे? रक्त घेतलं का? अटक झाली असेल तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली का? हे सगळं वकिलानं बघायचं असतं. माझी हयात वकिलाच्या ऑफिसात कागद लावण्यात गेली. न वाचता सह्या करणारी पोरं मी फार पाहिली.

कुणी 'रिपोर्ट मॅनेज करतो' म्हणाला तर त्याच्या सावलीलाही उभा राहू नकोस. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. पुढं रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांनाही अटक झाली.

आता राग ऐकून घे. मुदखेडकडून येणाऱ्या रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या उभ्या असतात. शुद्धीतल्या माणसाला त्या दिसत नाहीत, तुला कुठून दिसल्या असत्या? आणि रस्त्याच्या कडेनं चालणारा एखादा गडी गाडीखाली आला असता, तर त्यानं तुझं काय वाकडं केलं होतं? त्या रात्री तुला अडवणाऱ्या पोलिसाचे मी उपकारच मानतो. दंड, केस, भरती हे सगळं त्यानंतरचं.

धाकट्या मामाचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. त्याच्या केसच्या वेळी मी रागानं घरी बसलो. तो एकटा कोर्टात उभा राहिला आणि जो सांगेल तिथं सही करत गेला. आता तो नाही. तो राग कशासाठी धरला होता, हे आज मला आठवतसुद्धा नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, वकिलाला भेटल्याशिवाय कबुली देऊ नकोस. पैशाचं म्हणशील तर आईनं सोयाबीनचे पैसे डब्यात ठेवलेत, त्यांना हात लावायचा नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज कर. घरचं उत्पन्न वर्षाला ३ लाखांच्या आत असेल तर वकील फुकट मिळतो. त्यांचा फोन १५१००. वकिलाचा सल्ला ऐकून, सगळं समजून मग कबूल व्हायचं ठरवलंस, तर मी तुला अडवणार नाही.

लिहिताना जास्त बोललो असेन. तू लहान असताना माझ्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायचास, तेव्हापासून तुझी काळजी करायची सवय लागली आहे. तारीख कळव, मी सकाळच्या गाडीनं येतो, सोबत उभा राहतो. आणि यापुढं कधी प्यायलास तर चावी मित्राजवळ दे आणि मला फोन कर. रात्रीचे कितीही वाजू देत, मी न्यायला येईन. काही विचारणार नाही.

तुझा,
मोठा मामा