सेन्सर स्वस्त, पेट्रोल महाग

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर चढली आणि वडोदऱ्यात कितीतरी सोसायट्यांमधल्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. समा भागातली आमची सोसायटीही त्यात होती. आमच्या गाडीचं इंजिन वाचलं, पण तळाच्या वायरिंगला पाणी लागलं. दिवाळीच्या सुमारास चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर कोड आला पी0135, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा बिघाड. नऊशे रुपयांत नवा सेन्सर बसला आणि दिवा विझला. "साहेब, ओरिजिनल जेवुंज छे," कारागीर म्हणाला.

पण दिवा विझला याचा अर्थ एवढाच की हीटरला वीज मिळते आहे. सेन्सर खरं सांगतो आहे की नाही, हे दिव्याला कळत नाही.

ऑक्सिजन सेन्सर हा इंजिनच्या कॉम्प्युटरचा साक्षीदार असतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला, हे तो बाहेरच्या हवेशी ताडून सांगतो आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त होतं. एक भाग पेट्रोलला साधारण 14.7 भाग हवा, हे प्रमाण राखायचं असतं. त्यातलं झिर्कोनियाचं सिरॅमिक सुमारे 300 अंशांच्या वर तापल्यावरच नीट काम करतं, म्हणून आत हीटर. बॉशने हे तंत्र आणलं आणि 1976 मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत ते पहिल्यांदा आलं. आज आपल्याकडच्या प्रत्येक नव्या पेट्रोल गाडीत ते आहे.

नव्या सेन्सरनंतर आमच्या गाडीचं ॲव्हरेज उतरत गेलं, थंड इंजिनला पेट्रोलचा वास येऊ लागला, प्लग काढले तर काळेकुट्ट. दुसऱ्या एका जाणत्या मेकॅनिकने कोड न बघता स्कॅनरवर सेन्सरचा चालता आलेख बघितला. साध्या झिर्कोनिया सेन्सरचा व्होल्टेज गरम इंजिनवर 0.1 ते 0.9 च्या दरम्यान भराभर वरखाली व्हायला हवा. आमचा बहुतेक वेळ खालीच रेंगाळत होता. म्हणजे "पेट्रोल कमी पडतंय" अशी खोटी साक्ष, आणि कॉम्प्युटर बिचारा जास्तीचं पेट्रोल ओततो आहे. हे असंच चालू राहिलं तर न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि तो आतून वितळतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. त्याच्या किमतीपुढे कुठलाही सेन्सर स्वस्तच. सीएनजीवर चालवतो म्हणून आपल्याला काय, असंही समजू नका. सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्याच इंजेक्टरचा हिशोब उचलतं, त्यामुळे चूक गॅसमध्येही उतरते.

मग शोरूमचाच सेन्सर घ्यावा का? माझ्या मते तशी सक्ती नाही. गाडीच्या कंपन्या सेन्सर बहुधा बॉश, डेन्सो, एनटीके यांच्याकडून घेतात. जुन्या सेन्सरच्या अंगावर निर्मात्याचं नाव आणि नंबर असतो. त्याच निर्मात्याचा, त्याच नंबरचा सेन्सर अधिकृत वितरकाकडे मागा; गाडीच्या कंपनीच्या खोक्यापेक्षा तो बऱ्याचदा स्वस्त पडतो. सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, तेव्हा पक्कं बिल घ्यायला कचरू नका. नामांकित खोक्यात नकली मालही येतो. नंबर पुसट असेल, कनेक्टर जबरदस्तीने बसवावा लागत असेल, तर तो परत करा.

कनेक्टर कापून तारा जोडायचा "युनिव्हर्सल" सेन्सर मी तरी टाळीन. बऱ्याच सेन्सरना बाहेरची हवा तारांच्या आतूनच मिळते. तिथे कथिलाचा डाग दिला की ती वाट बंद होते. पुरात भिजलेल्या कनेक्टरने नेमकं हेच होतं, शिवाय तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी पडलं तर ते तडकतं. म्हणून नवा सेन्सर घेण्याआधी कनेक्टर, हीटरचा फ्यूज आणि सायलेन्सरची गळती तपासून घ्या. सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो. जवळपास सिलिकॉन सीलंट वापरू देऊ नका, त्याच्या वाफा सेन्सरला मारतात.

दोन सेन्सर असतील आणि पैशांची ओढाताण असेल, तर कन्व्हर्टरच्या आधीचा चांगला घ्या. पेट्रोलचा मुख्य हिशोब त्याच्यावर चालतो. मागचा मुख्यतः कन्व्हर्टरवर नजर ठेवतो. काही नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, तिथे साधा सेन्सर चालतच नाही.

आणि काम झाल्यावर गॅरेजमधून निघण्याआधी दोन गोष्टी मागाच: गरम इंजिनवरचा चालता आलेख, आणि काढलेला जुना सेन्सर.