श्रद्धेला बुद्धीचे भय नाही

घरातील तरुण मुलाने धर्माविषयी अवघड प्रश्न विचारला की, "असे विचारू नये," म्हणून आपण त्याला गप्प बसवतो. श्रद्धा जेथे सुरू होते तेथे विचार थांबतो, अशी आपली समजूत असते. कॅथलिक तत्त्वज्ञानाची परंपरा मात्र निराळी आहे.

तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवरून मोठा वाद माजला. जग अनादी आहे, असे या ग्रीक तत्त्ववेत्त्याचे मत होते. पवित्र शास्त्र तर जगाला प्रारंभ असल्याचे सांगते. काही विद्वान ॲरिस्टॉटलच्या मागे गेले. उलट, जगाला प्रारंभ आहे हे तर्कानेच सिद्ध होते, असे संत बोनाव्हेंचर यांच्यासारखे विचारवंत म्हणत.

संत थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) यांनी दोन्ही पक्षांचे युक्तिवाद पारखले. जग अनादी असल्याचे बुद्धीने सिद्ध होत नाही आणि त्याला प्रारंभ असल्याचेही सिद्ध होत नाही. प्रारंभाचे सत्य आपल्याला केवळ श्रद्धेने कळते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात त्यांनी एक इशाराही दिला. श्रद्धेची सत्ये लंगड्या युक्तिवादांनी सिद्ध करू गेल्यास, अशाच पोकळ कारणांवर आपला विश्वास उभा आहे असे इतरांना वाटेल आणि ते त्याची थट्टा करतील.

थॉमस यांच्या मते, परमेश्वर आहे हे बुद्धी सृष्टीवरून जाणू शकते. पवित्र त्रैक्याचे रहस्य मात्र तिच्या आवाक्यापलीकडचे आहे. तेथे ती केवळ आक्षेपांना उत्तर देऊ शकते. तरीही श्रद्धा व बुद्धी यांत खरा विरोध संभवत नाही, कारण दोन्ही एकाच परमेश्वराची देणगी आहेत. विरोध दिसलाच, तर आपला तर्क चुकला असेल किंवा शास्त्राचा अर्थ लावण्यात आपली चूक झाली असेल. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० मध्ये हीच शिकवण दिली आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ मध्ये 'फिदेस एत रात्सिओ' या परिपत्रकात तिचा पुन्हा पुरस्कार केला.

तेव्हा मुलाने प्रश्न विचारल्यास रागावू नका. हा प्रश्न बुद्धीने सुटणारा आहे की श्रद्धेने स्वीकारण्याचा, हे प्रथम पाहा. उत्तर ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा आणि त्याच्यासोबत शोधू लागा. पोकळ उत्तराने त्याची श्रद्धा डळमळेल; प्रामाणिक शोधाने ती दृढ होईल.