खांद्याला विश्रांती, पायांना काम

प्रश्न : माझे वय ५२. रोज पहाटे सायकल चालवायची सवय आहे. ३ आठवड्यांपूर्वी खांद्याच्या रोटेटर कफची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. हात स्लिंगमध्ये आहे. घरी बसून कंटाळलो. सायकल कधी सुरू करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दुखणे कमी झाले म्हणजे खांदा बरा झाला, असे समजू नका. टाक्यांनी हाडाला जोडलेली कंडरा तिथे नीट धरायला साधारण १२ आठवडे लागतात. तोवर हँडलवर भार टाकणे किंवा ब्रेक दाबताना बसणारा झटका महागात पडू शकतो. पडलात, तर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

पायांना मात्र सुट्टी नको. सपाट रस्त्यावर रोज चाला. सर्जनने परवानगी दिली, की पाठीला टेकण असलेल्या स्थिर सायकलवर, स्लिंग न काढता, कमी रेझिस्टन्सवर १०-१५ मिनिटे पेडल मारा. चढता-उतरताना कोणाला तरी जवळ उभे करा. बोटे, मनगट हलवत राहा; कोपराचे व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारून करा.

रस्त्यावरची सायकल बहुतेकांना ३ ते ६ महिन्यांनी जमते. त्याआधी हात वेदनेशिवाय डोक्यावर जायला हवा, दोन्ही ब्रेक जोरात दाबता यायला हवेत आणि सर्जनचा होकार हवा. सुरुवातीला हँडल थोडे उंच करून घ्या.

ताप, जखमेतून स्राव, हाताला बधिरपणा किंवा पोटरीला सूज आल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखले किंवा दम लागला, तर थेट रुग्णालय गाठा.