अक्कांचे चालणे

श्री
हर्णे बंदर

चिरंजीव भाच्यास मामांचे अनेक आशीर्वाद.

वय झालेल्या माणसाला जपायचे म्हणून बसवून ठेवणे घातक ठरते, कारण वापर थांबला की उतारवयात स्नायू झपाट्याने झिजतात आणि या झिजेमुळेही, जिला वैद्यकात सार्कोपेनिया म्हणतात, तोल जाऊन माणूस पुन्हा पडतो. जोत्याच्या पायरीवर पाय घसरला एवढ्यावरून आईचे, म्हणजे अक्कांचे, संध्याकाळी मासळीच्या लिलावाला बंदरावर जाणे चिरंजीवांनी मुंबईहून फोनवरच बंद केले, हे कानी आल्यापासून मामांच्या जिवाला स्वस्थता नाही. हाड मोडलेले नाही, डॉक्टरांनी चालायला मनाई केलेली नाही, तरी अक्का महिनाभर झोपाळ्यावर आहेत. अशाने ती पायरी त्यांना कायमची अवघड होईल.

अमेरिकेतील 2007 च्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना 10 दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील मांस सरासरी सुमारे 1 किलोने घटले; उलट बोस्टनमध्ये नव्वदीच्या घरातील अशक्त माणसांनी 8 आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम केला, तेव्हा त्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली, असे 1990 साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढील माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रम, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतका दम लागणारे श्रम, आणि त्यातच 3 दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सांगते. अक्कांना वाळूतून जाण्यायेण्यात यातले बरेचसे आपोआप घडत होते. शेजारच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे हिंगण्याहून पुण्याला शिकवायला वर्षानुवर्षे पायी जात आणि 104 वर्षे जगले. एकट्याच्या आयुष्यावरून सिद्धान्त निघत नाही, पण चिरंजीवांना ते नाव तरी आठवायला हवे होते.

मामांची आई, म्हणजे चिरंजीवांची आजी, शेवटी ओटीपर्यंतही का येऊ शकत नव्हती, हे मामांनी घरात कधी कबूल केले नाही. ऐन उमेदीत त्यांनीच तिला विहिरीवर जाऊ दिले नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात नेऊन दिला, आणि तिने ती मुलाची सेवा म्हणून गोड मानून घेतली. अक्काही तशाच गप्प आहेत, हीच मामांना धास्ती आहे.

चिरंजीवांनी जे केले ते मायेपोटी, हे मामा जाणतात, आणि वर लिहिलेले कठोर वाटले तर त्यांनी ते मनाला लावून घेऊ नये. पायरीला कठडा बसवून घेण्याचे मामांनी ठरवले आहे. गणपतीला येताना चिरंजीवांनी रबरी टोकाची काठी आणावी आणि पहिल्याच संध्याकाळी आईचा हात धरून सुवर्णदुर्ग दिसतो तिथवर जावे. अक्का अजून रोज चार वाजता पिशवी मांडीवर घेऊन झोपाळ्यावर बसतात.